चाकाची खोली, मोहगाव कॅम्प

२१ ऑक्टोबर १९८६, मोहगाव
काल ट्रॅक्टरने आमची चाकाची खोली ओढून इथं आणली. सडकेच्या सर्व्हेचा नवा कॅम्प, संत्र्याच्या बगीच्याला लागून. खोली दाराकडे कललेली. वरण एकाच बाजूने उतू जाते. ह्यांना म्हटलं, सरळ करून द्या. म्हणाले, करू.
दिवाळीनंतर मंदा यायची आहे. मागच्या कॅम्पला आली तेव्हा कोणी चाललं की खोली हलायची. पोरगी चौकट धरून बसली, अन् दुसऱ्याच दिवशी मोठ्या आईकडे नेऊन द्या म्हणाली. सात वर्षांची आहे. शाळेसाठी सौंसरला जाऊबाईंकडे, तिच्या मोठ्या आईकडे ठेवली, तेव्हापासून...

२४ ऑक्टो.
दाराकडचं चाक फळीवर चढवलं. काळी जमीन, फळीच खाली गेली. हे दिवसभराचे थकलेले. म्हणाले, जाऊ दे, चार महिने तर काढायचे. जेवताना मात्र तोंडातून निघालंच, "आपल्याले चार महिने. तिले आठच दिवस."
ताट तसंच ठेवून हे उठले.

२६ ऑक्टो., रविवार
सकाळीच ह्यांनी स्वतः कुदळ घेतली. चाकाखालची माती उकरली, मुरूम भरून ठोकला, वर नाल्यातले चपटे दगड, मग फळी. ट्रॅक्टरने चाक चढवलं. मग पुढच्या टोकाला जॅक लावला. मी आत थाळीत पाणी घेऊन बसले. बाहेरून विचारत, कोणीकडे? मी म्हणे, खिडकीकडे जाऊन राहिलं. शेवटी पाणी चहूकडून काठाला सारखं. चारी कोपऱ्यांना टेकू दिले. मुद्दाम धपाधपा चालून पाहिलं. हलत नाही.
हे हसले. बऱ्याच दिवसांनी.

४ नोव्हें., सौंसर
भाऊबीज. मंदाची वेणी घालायला फणी घेतली तर म्हणाली, "तू ओढते. मोठी आई हळू विंचरते." जाऊबाईंना मूलबाळ नाही. जीव लावतात तिला, फार. वाईट असत्या तर बरं झालं असतं.
स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, मॅट्रिकपर्यंत राहू दे इथंच, तुमचं आज इथं, उद्या तिथं. हे माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, आधी आठ दिवस नेते, मग बोलू.

६ नोव्हें., मोहगाव
बसने आणलं. दारात थबकली. फ्रॉकच्या खिशातून खेळायचा काचेचा कंचा काढून जमिनीवर ठेवला, वाकून पाहत राहिली. जिथं ठेवला तिथंच. मग चप्पल काढून आत आली.

८ नोव्हें.
दिवसभर बगीच्यात. हातांना संत्र्याचा वास. झोपेत माझा पदर धरला होता. मी दूध तापवायला उठलेच नाही.

१० नोव्हें.
काल अवकाळी पाणी आलं. सकाळी पाहिलं तर खोली पुन्हा दाराकडे. हे कामाने पांढुर्ण्याला. मंदा खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, तोंड एवढंसं. वाटलं, झालं, आता म्हणेल सौंसरला चल.
थाळी तिच्या हातात दिली. म्हटलं, तू पाणी पाह्य, मी उचलते. पलीकडच्या चाकाला दगड लावले, इकडचे टेकू काढले, जॅक लावला. जॅकचा दांडा मारता मारता खांदे भरून आले. आतून आवाज, "अजून, आई. अजून थोडंसं. बस, बस!" फळीखाली दगड सारले, टेकू पुन्हा बसवले. दोघी चिखलात माखलेल्या. बगीच्याच्या नळीखाली एकमेकींचे पाय धुतले.
हे आल्यावर तिनेच सगळं सांगितलं. "मीच केलं," म्हणाली.

१३ नोव्हें.
जाऊबाई न्यायला आल्या, ठरल्याआधीच. घर खायला उठते म्हणाल्या. मंदाने त्यांना थाळीत पाणी घालून दाखवलं. त्या इकडून तिकडे चालून पाहत होत्या. "पक्की बसली हो," एवढंच म्हणाल्या. मग खिडकीपाशी बराच वेळ उभ्या. माझा राग कुठं ठेवावा, समजेना.
मंदाने विचारलं, मोठी आई इथंच राहिली तर?

१५ नोव्हें.
हुकूम आला. कॅम्प महिनाअखेर तिगावला. चार महिने म्हणता म्हणता...

१६ नोव्हें., रविवार
उद्या शाळा उघडते. दोघींना सौंसरच्या बसमध्ये बसवून दिलं. जाऊबाई खिडकीशी, मंदा त्यांच्या मांडीवर. गाडी सुरू झाली तशी तिने डोकं बाहेर काढलं. "आई, तिगावले शाळा आहे काय?"
जाऊबाईंनी तिच्या डोक्याचा रुमाल नीट केला. माझ्याकडे पाहिलं नाही.
आहे, म्हणाले मी. मोठ्याने म्हणाले. कॅम्पापासून किती दूर, कोणत्या वर्गापर्यंत, मला कुठं माहीत.
ह्यांना सांगितलं आहे, उद्या सकाळच्या गाडीने तिगावला जाऊन पाहून येते.