आजीने नाव घेतलं

२८ जुलै, शुक्रवार. पेण.
ह्यांचा फोन आला एकदाचा, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. धाटावला कंपनीतच अडकलेत. नागोठण्याकडचा रस्ता पाण्याखाली, पण खुशाल आहेत. जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काय, तर ‘माझी छत्री घरीच राहिली का गं?’ हसू की रडू.

मग घरात बसवेना. आपलं माणूस सुखरूप आहे म्हटल्यावर हातावर हात ठेवून बसायची लाजच वाटायला लागली. चर्चच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांचा स्वयंपाक चालतो, बायका कमी पडतात, असं ऐकलं होतं. गेले. तिथल्या सिस्टर वसईकडच्या. ठेंगण्या, पण आवाज फौजदाराचा. काही न विचारता कांद्यांची पाटी पुढ्यात सरकवली. डोळ्यांतून धारा. कांद्याच्याच असं नाही.

परत येताना शेजारच्या कुसुमताईंनी हटकलं. ‘तिकडचं पाणी प्यालात?’ म्हटलं, पुराचं पाणी तुमच्या स्वयंपाकघरात शिरलं तेव्हा त्याला गोत्र विचारलं होतंत का? दार लावून घेतलं त्यांनी. उद्याही जाणार.

२९ जुलै, शनिवार
भात, डाळ, भात, डाळ. पातेली घासून कंबरेचा काटा ढिला झाला.

हॉलच्या खिडकीशी एक म्हातारी बसून असते. चांगुणाआजी. कासूच्या पलीकडे, खाडीकाठच्या खारीतलं गाव. तिथल्या बांधाला खांड पडली, भगदाडच, नदीचं पाणी आणि भरतीचं पाणी एकदमच घरात. होडीवाल्यांनी हिला उचललं ती एकटीलाच. बाकीची माणसं रेल्वेच्या भरावावर चढली, तिथून निडीला नि पुढे रोह्याच्या केंद्रात नेली म्हणतात. नवरा त्यांत असेल तर असेल. एवढीच आशा.

सिस्टर रोह्याला फोन करणार होत्या. नाव हवं ना.
‘आजी, मालकांचं नाव काय?’
‘हाय ना.’
‘काय आहे?’
‘चांगला हाय.’
‘बरं, दिसतात कसे?’
‘मानसासारका.’
सि. माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी आजी म्हणाली, गावात समदी त्याला दादूस म्हनतात. सिस्टरनी तेवढ्यावर फोन लावला. रोह्याहून उत्तर आलं की दादूस म्हणून हाक मारली तर इथली अर्धी पडवी उठून उभी राहते! खरंच आहे. ह्या बाजूला वयाने मोठा दिसला की दादूसच.

मी आजीला बाजूला घेऊन समजावलं. तर म्हणते, ‘नाव घेतला का आयुष्य कमी होतो गो. आता तर नायच घ्यायची. आता त्याला समदा लागंल.’

सिस्टर आणि मी चुलीशी येऊन तोंडात पदर धरून हसलो. आता हे लिहिताना मागची पानं चाळली. ह्यांना, ह्यांचं, हे म्हणाले. लग्नाला बावीस वर्षं झाली. मी कुणाला हसते!

३० जुलै, रविवार
आज चर्चवाल्यांची मिस्सा, रविवारची प्रार्थना. हॉल माणसांनी भरलेला, म्हणून फादरनी ती पडवीतच घेतली. आम्ही आत लसूण सोलत होतो, आवाज न करता. गाणं कानाला गोड लागलं.

आजीचा लसूण सोलायचा हात काय झरझर चालतो! मी सुचवलं, आजी, उखाण्यात घ्या. उखाण्यात घेतलेल्या नावाचा दोष लागत नाही. (हे मी मनचंच ठोकून दिलं. पण असेलही तसं.) बाकीच्या बायका सरसावल्या. लग्नात तरी घेतलं होतं की नाही? ‘नाय. गोठ्यात पलाले नि म्हशीच्या मागं लपले. सासू हाका मारून दमली.’ काय हसल्या सगळ्या. पूर आल्यापासून त्या हॉलमध्ये असं हसू ऐकलं नव्हतं.

आजीचे ओठ नुसते हलत होते. मग पदर डोक्यावर ओढून, खाली बघत, अगदी नव्या नवरीसारखी म्हणाली,

‘बांध फुटला, पानी शिरला घरात,
काशिनाथाचा सुटला हातातून हात.’

दोघीतिघींनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग एकेकीच्या लक्षात आलं, हात थांबले. हातात हात होता दोघांचा, हे तिने तोवर सांगितलंच नव्हतं. सि. पाठ करून चहाचं आधण बघत राहिल्या.

संध्याकाळी कंपनीत ह्यांना फोन. धाटावहून रोह्याला जाता येतंय आता, तेव्हा उद्या केंद्रात जाऊन शोधा म्हटलं. काशिनाथ, खारीतले. ‘बरं’ म्हणाले.

३१ जुलै, सोमवार
नाही.

हे चिखल तुडवत जाऊन आले. सगळ्या खोल्यांतून फिरून काशिनाथ, काशिनाथ अशा हाका दिल्या. एकही माणूस ओ देईना. सिस्टरच्या टेबलावरच्या फोनवर मी हे सगळं ऐकत होते आणि आजी दारात उभी. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

खिडकीशी जाऊन बसली. जेवायला हाक मारली तर म्हणते, ‘मी घेतला ना नाव. मीच घालवला त्याला.’

मनात म्हटलं, घाल आता आजीची समजूत. नाव मी घ्यायला लावलं. दोष नाही असं मीच सांगितलं. सि. म्हणतात, असल्या गोष्टींनी माणसं मरत नसतात. मलाही माहीत आहे. आजीला कोण सांगणार? भात निवत ठेवलेला तसाच राहिला.

१ ऑगस्ट, मंगळवार
आजीने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. फादर येऊन शेजारी बसले. नुसते बसले, ते मला आवडलं.

दुपारी ह्यांचा फोन. सावकाश लिहिते, नाहीतर घोळ होईल.

हे कंपनीतर्फे डाळ पोचवायला पुन्हा केंद्रात गेले होते. दाराशी एक म्हातारा बसलेला. काल हाका मारल्या तेव्हा ह्याने एकदा मान वर केली होती आणि पुन्हा खाली घातली, हे ह्यांना आज आठवलं. म्हणून विचारलं, बाबा, तुम्ही काशिनाथ का?
‘कोन सांगितला?’
‘तुमच्या बायकोने. पेणला आहेत त्या.’
‘मंग तो मी नाय. माजी बायको माजा नाव घेत नाय.’

‘वेडसर दिसला जरा,’ हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. गाव विचारलंत? विचारलं, तर ‘आता कुटला गाव’ म्हणून तोंड फिरवलं त्याने. बायकोचं नाव विचारलंत? तर हे म्हणतात, ‘परक्या बाईचं नाव मी कसं विचारणार गं?’ धन्य आहे! एक नाव सांगेना, दुसरा नाव कबूल करेना, आणि मधे आमचे हे सभ्य गृहस्थ.

आजीला सांगितलं. जसंच्या तसं, त्याच्या शब्दांत. आधी तिला कळलं नाही. मग तोंडावर हात गेला. मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ‘तोच तो! मेला तोच तो!’ उठली. सिस्टरकडे फणी मागितली. ताक-भात मागितला. डोक्याला तेल लावून दिलं मी. केस पांढरे, पण काय दाट आहेत अजून.

हे सगळं मी उत्साहाने ह्यांना कळवायला गेले पुन्हा फोनवर. तर हळूच म्हणाले, ‘अगं, असं तर इथला कुठलाही म्हातारा म्हणेल.’

फोन ठेवल्यावर तशीच उभी राहिले. खरंच की. खारीतल्या कुठल्या बाईने नवऱ्याचं नाव घेतलंय? ज्याचं त्याचं हेच उत्तर. आणि त्याचं खरं नाव दुसरंच असेल तर? आजीकडे बघितलं. ती अंगणातल्या तारेवर आपलं लुगडं वाळत घालत होती, उद्यासाठी. नाही सांगितलं मी तिला.

२ ऑगस्ट, बुधवार
रस्ता सुरू झाला, एकाच बाजूने. मोहल्ल्यातले कासमचाचा टेम्पोतून रोह्याला तांदूळ आणि चटया नेणार होते. आजीला पुढे आपल्या शेजारी बसवून घेतलं. ‘आमच्या आईला नेतो समज,’ मला म्हणाले.

सिस्टरनी भाकऱ्या बांधून दिल्या. आजीने त्या सोडून बघितल्या आणि आणखी एक मागून घेतली. त्याला लागते म्हणे.

मला राहवलं नाही. म्हटलं, आजी, तिथे पोचलात की ह्यांच्याकडून फोन करवा. ‘नि काय सांगू? नाव तर मी परत नाय घेनार. एकदा घेतला ता बस झाला.’ नाव नको, नुसतं ‘हाय’ म्हणा, मला कळेल. तिने मान हलवली. मग माझा हात धरून ठेवला. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे. कालपासूनच ठाऊक आहे.

‘नसला तर?’ मीच विचारलं शेवटी. जीभ झडली नाही माझी.
‘नसला तर फोन नाय करायची,’ ती म्हणाली. ‘तू बी वाट नको बगू. जेवून घे.’

टेम्पो गेला. फादर अंगणात उभे होते, मी त्यांच्या शेजारी. मी आमच्या देवाला हात जोडले, त्यांनी त्यांच्या. मागणं दोघांचं एकच.

दुपारभर कांदे चिरले. संध्याकाळ झाली तरी फोन वाजला नाही. सिस्टरनी उचलून कानाला लावला. लाईनच बंद आहे. नागोठण्याकडे कुठेतरी खांब पडला असेल म्हणतात. केव्हा पडला, सकाळी की आत्ता, कोणाला माहीत नाही.

मी जेवले नाही अजून. सि. दोन पानं वाढून बसल्यात.