दहावी बी परत मिळवण्याची मोहीम

८ सप्टेंबर
ओणमची सुट्टी संपली आणि शाळा उघडताच पाठीत सुरा. दहावी बीचं इंग्रजी माझ्याकडून काढून जसीना टीचरला दिलं! का, तर ती मोबाइलवर क्विझ घेते आणि मुलांना मजा येते. हेडमिस्ट्रेस लिस्सी टीचर म्हणाल्या, तंकच्चन सर, तुम्ही आता आठवीला निवांत शिकवा. निवांत! अख्खी हयात मी दहावी शिकवण्यात घालवली. आता सूड. उद्यापासून.

९ सप्टेंबर
डोकं दुखतंय. सूड परवापासून.

११ सप्टेंबर, सकाळी
डाव ठरला. आपणही ऑनलाइन क्विझ काढायची, आणि अशी की दहावी बी आडवी झाली पाहिजे. वर्ग नापास म्हणजे बाई नापास. लिस्सी टीचरना सांगताना त्याला 'निष्पक्ष मूल्यमापन' म्हटलं. त्या खूश झाल्या. भोळी बाई.

संध्याकाळी
प्रश्न कुठे टाइप करायचे तेच कळेना. जसीनाला विचारण्यापेक्षा जीव दिलेला बरा. तिलाच विचारलं, पण तोऱ्यात. तिने सगळं दाखवलं, वर डब्यातली पळंपोरी पुढे केली. केळ्याच्या भज्यांची लाच! दोन खाल्ल्या. मत बदललेलं नाही.

१४ सप्टेंबर
वीस प्रश्न तयार. एकेक म्हणजे सुरुंग. बायकोने, मॉलीने, वाचून विचारलं, अहो अच्चाया, या पोरांनी तुमचं काय घोडं मारलंय? तिला राजकारण कळत नाही. जसीनाचा मेसेज आलाय, बरोबर उत्तरं भरायला विसरू नका म्हणून. मला उत्तरं पाठ आहेत. भरू कशाला?

१७ सप्टेंबर
विजय! अख्खा वर्ग शून्य! पहिली येणारी नंदनासुद्धा शून्य! मॉलीला उकडलेल्या कंदाचा कप्पा आणि माशाची मीनकरी करायला लावली. दोनदा वाढून घेतली. उद्या पालकसभेत या बाईचं नाक ठेचतो. भाषण आरशासमोर म्हणून झालं.

१८ सप्टेंबर
लिहू नये असं वाटतंय. निकाल पडद्यावर लावला. भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात नंदनाचा बाप उठला. रबराचा व्यापारी. म्हणाला, सर, माझ्या पोरीचं पहिलं उत्तर तर बरोबर दिसतंय की! मग जसीना हळूच म्हणाली, बरोबर उत्तर कुठलं ते आधी भरावं लागतं सर, नाहीतर मार्क पडतच नाहीत. हॉलभर हशा. लिस्सी टीचरनी तिथेच, सगळ्यांसमोर, मला हाताने तपासायला बसवलं. वर्गाची सरासरी वीसपैकी सतरा. माझ्या सुरुंगांवर पोरं फुगडी घालून गेली. टाळ्या जसीनाला. एवढा अवघड पेपर कुणी काढला, असं एक आई विचारत होती. तेवढंच समाधान.

२२ सप्टेंबर
तंकच्चन खचत नसतो. नवा फॉर्म पाठवला: 'तुमच्या इंग्रजीच्या टीचरबद्दल तक्रार लिहा.' नाव घालायचं नाही, म्हणजे पोरं मोकळेपणी लिहितील. बरोबर उत्तरं भरायची भानगडही नाही. आता कुठे पळेल?

२४ सप्टेंबर
तक्रारी आल्या. बहुतेकांनी 'काही नाही' लिहिलंय. उरलेल्यांचं म्हणणं एकच. जसीना टीचर छान शिकवतात, पण कविता आली की म्हणतात, तंकच्चन सरांइतकी चांगली मला जमत नाही, त्यांच्याकडून समजून घ्या. आम्ही कसं जाणार? आम्हाला सरांची भीती वाटते.

फॉर्म लिस्सी टीचरना दाखवला नाही. पुसून टाकला.

मधल्या सुट्टीनंतर दहावी बीच्या दारात गेलो. कविता मी घेतो, असं म्हणणार होतो. आत हसणं चाललं होतं. मला पाहिलं आणि वर्ग चिडीचूप झाला. इतकी वर्षं मी याला आदर समजत होतो. डस्टर न्यायला आलोय, असं सांगितलं आणि डस्टर घेऊन आठवीकडे गेलो.