जेवणानंतरचा वारा

लिमोज, ७ जुलै

चि. जिनेत हिस,
अनेक आशीर्वाद.

माझी नात सुखरूप पोचली हे वाचून हायसं वाटलं. पण पुढे, नोएमीला तळ्यावर त्या हवा भरलेल्या फळीवर उभं राहून वल्हवायला नेणार असं तू लिहिलंस आणि माझी झोपच उडाली. चौदा वर्षांची पोर ती. आपला रने डोळ्यांसमोरून हलत नाही. भरल्या पोटी गार पाण्यात उडी मारली आणि आपला भाऊ वर आलाच नाही. म्हणून सांगते, जेवल्यावर तिला तीन तास काठावर बसव आणि उतरण्याआधी मान ओली करायला लाव, म्हणजे गार पाण्याचा धक्का बसणार नाही. तू हसशील. लहानपणापासून मला हसतच आली आहेस. पण एवढं ऐक.

चेरी घालून भाजलेली ती गोड क्लाफूती तिला फार वाढू नकोस. बाकी माझा काळजीचा स्वभाव सांभाळून घ्यावा.

तुझी,
सोलांजताई


तळ्याकाठून, १३ जुलै

ती. सोलांजताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच, नोएमी बरी आहे. माझ्यासमोर बसून क्लाफूती खातेय. आता बाकीचं सांगते.

काल सकाळी पाणी अगदी गप्प होतं तेव्हाच पोरगी मागे लागली होती, पण बाजारातून येईतो जेवायची वेळ झाली. मग तू सांगितल्याप्रमाणे तीन तास बसवली, मान ओली केली, जीवरक्षकाचा हिरवा बावटा बघितला आणि सोडली. दुपार कलली की इथे काठाकडून आत वारा सुटतो, हे मला ठाऊक आहे गं. पण घड्याळाकडे बघता बघता झाडांकडे बघायचं राहिलं. वारा फळीला पोरीसकट हद्दीच्या पिवळ्या तरंगत्या बोयांच्या पलीकडे घेऊन गेला.

मी ओरडत होते, तिला ऐकू जात नव्हतं. आता ही फळी सोडून पोहत परत यायला बघणार आणि दमणार, या भीतीने मी जीवरक्षकाकडे धावले. पण ती पालथी पडून फळीला धरून राहिली आणि गळ्यातली शिट्टी फुंकत राहिली. काहीही झालं तरी फळी सोडायची नाही, असं जीवरक्षकाने शिकवलं होतं म्हणे. त्यानेच तिला होडीतून आणलं. तिचे ओठ निळे पडले होते.

आज पुन्हा पाण्यात जायचं म्हणते. आजीला विचारते, असं सांगितलंय. तू नको म्हणालीस तर शनिवारच्या गाडीने पाठवते.

रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
जिनेत


लिमोज, १६ जुलै

चि. जिनेत हिस,
आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुला बोल लावले, मग स्वतःला. शनिवारचं तिकीटही काढलं.

मग बसून विचार केला. रने गेल्यापासून मी घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही. नोएमीच्या आईलाही जाऊ दिलं नाही. ती अजून पुलावरून जाताना माझा हात धरते, एवढी मोठी बाई. माझी भीती एका लेकीच्या गळ्यात बांधली ती पुरे झाली.

तिकीट रद्द केलंय. तिला सकाळीच ने, जीवरक्षक आल्यावर आणि वारा सुटायच्या आत. तिला लाईफ जॅकेट घाल. तू काठावरून हलू नकोस. कोणत्या दिवशी नेणार ते मला आधी मुळीच कळवू नकोस. अंग पुसून झालं की मग फोन करा. आणि फोन तिलाच करू दे. तुझा आवाज आधी आला तर माझा जीव जाईल.

तुम्हां दोघींवर जीव असलेली,
सोलांजताई