दीडशे फुटांवरून छावणी

५ एप्रिल २०१६
साखर कारखान्याच्या विमानाची डावी सीट, म्हणजे मुख्य चालकाची, आजपासून माझी! तीन महिने चाचणी, मग कायम. कॅप्टन धर्मराज, आमचे मुख्य वैमानिक, म्हणाले की धावपट्टी कच्ची आहे, दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा, तेवढ्या दिसल्या की झालं. मी फक्त ‘होय सर’ म्हणाले. खोलीत येऊन एकटीच गिरकी घेतली. दोनदा.

८ एप्रिल
सहा लँडिंग, सहाही मऊ. आई म्हणाली, वडवणीच्या बाजारात सगळ्यांना सांगून झालंय, आता पडू नकोस.

१२ एप्रिल
हसू आवरत नाही.

चेअरमन सुंदरराव मागे बसलेले. खाली ऊस नाही, तलाव कोरडा, सगळं एकाच रंगाचं. समोर दोन पांढऱ्या रेघा दिसल्या – झालं! आमची पट्टी ०९० अंशांवर, सरळ पूर्वेला आहे. होकायंत्र ११० दाखवत होतं. मी आकडा पाहिला, पण वाचला नाही. दीडशे फुटांवर ‘पट्टी’च्या मधोमध एक म्हैस. तिच्यामागे आणखी शंभर. पूर्ण पॉवर दिली, वर घेतलं, वळसा घालून खऱ्या पट्टीवर उतरले.

ती चाऱ्याची छावणी होती. दुपारी चेअरमन तिथे जाणार, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना चुना टाकलेला. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे चुना पडतोच.

उतरल्यावर सुंदरराव खुशीत. “लई भारी फिरवलंस पोरी छावणीवरून. बाया कशा हात हलवीत होत्या. आता दर टायमाला असंच करायचं.”

मी ‘होय साहेब’ म्हणाले!

१३ एप्रिल
छावणीवरच्या फेरीची बातमी पसरलेली, कँटीनमध्ये माझ्या चहाचे पैसे कुणी घेईना. त्या बाया हात हलवत नव्हत्या. जनावरं हाकत होत्या.

१४ एप्रिल
अहवाल लिहिला. चार ओळी: कुठे, किती फुटांवर, होकायंत्र काय म्हणत होतं, मी काय पाहत होते. हा गेला की डावी सीट गेली. तीनदा वाचला, एक ‘कदाचित’ खोडला. कॅप्टन धर्मराजांच्या टेबलावर ठेवला. परत येताना विनाकारण धावले.

१५ एप्रिल
कॅप्टननी बोलावलं. अहवालाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने पाचवी ओळ लिहिली होती: ‘मार्चमध्ये मीही अशाच चुन्याला फसून याच छावणीवर चाळीस फुटांपर्यंत खाली आलो होतो, नोंद केली नाही.’ खाली सही. म्हणाले, “उद्यापासून आपण दोघं जमिनीवर.”