मामांच्या नावावरची गाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.४०
गाडी पुसत होतो, तेवढ्यात मामांचा फोन. सासरे मला थेट फोन कधीच करत नाहीत. जे असेल ते अश्विनीच्या फोनवर, तेही मामींकडून. म्हणून फडका टाकून सरळ उभा राहिलो. हरभऱ्याची पेरणी झाली का, मायचा गुडघा कसा आहे, वाटूरला थंडी पडली का, सगळे विचारून झाले. मग म्हणाले, "एक मेसेज आल्ता गाडीचा. कोर्टाचा म्हणतेत. पण तसं काही न्हाई, पाव्हणं. तुम्ही राहू द्या." मी विचारायच्या आत फोन ठेवला.

राहू द्या म्हणजे काय राहू द्या.

बियाण्याच्या दुकानात लक्ष नव्हते. एकाला हरभऱ्याऐवजी गव्हाची थैली काढून दिली. शेठ बोलले नाहीत, थैली तेवढी उचलून जागेवर ठेवली. बोलले असते तर बरे वाटले असते.

मंगळवार, ४ नोव्हें.
गाडी लग्नातली. मामांनी जाफराबादला घेतली, कागद त्यांच्या नावावर झाले आणि तसेच राहिले. नाव बदलून द्या म्हणावे तर मागितल्यासारखे होते. तुम्ही करून घ्या म्हणावे तर जावयाला खर्चात घातल्यासारखे होते, असे त्यांना वाटत असणार. चार वर्षे झाली, दोघेही गप्प. त्यामुळे दंडाचा प्रत्येक मेसेज फोटोसकट त्यांच्या फोनवर जातो, हे माझ्या डोक्यात काल पहिल्यांदा आले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पोलिसांच्या साइटवर गाडीचा नंबर घातला. चासीचे शेवटचे चार आकडे मागितले, ते आर.सी.वरून दोनदा तपासून घातले.

तीन चलाने. (१) हेल्मेट नाही, जालना, ५००. भरलेले. (२) ट्रिपल सीट, जालना, १०००. भरलेले. (३) हेल्मेट नाही, जालना, ५००. कोर्टात पाठवले.

पहिली दोन मी भरलेली नाहीत. म्हणजे मामांनी भरली, आणि दर दिवाळीला माझ्या पायावर पाणी घालून पाटावर बसवले. ट्रिपलच्या फोटोत मी हसतो आहे.

तिसऱ्याचा फोटो उघडला नाही. नेट गेले.

बुधवार, ५ नोव्हें.
फोटो उघडला.

गाडी आमचीच. मागे माय, मांडीवर औषधाची पिशवी. गाडी चालवते आहे अश्विनी. पदर कमरेला खोचलेला, नजर सरळ पुढे. तारीख बघितली. श्रावणातला शुक्रवार, मी शेठबरोबर टेम्पोत परभणीला माल आणायला गेलो होतो. त्या दिवशी दोघी मायच्या गुडघ्यासाठी जालन्याला गेल्या होत्या. एसटीने, असे मला सांगितले होते.

गुरुवार, ६ नोव्हें.
चहाच्या वेळी मोबाइल दोघींच्या मधे ठेवला. 

अश्विनीने बघितला. "अगं बाई. चांगला आलाय."

"एसटीनं गेल्तो म्हणाली होतीस."

"एसटीच पाहत होतो फाट्यावर. आलीच न्हाई. डॉक्टरचा नंबर अकराचा होता."

माय म्हणाली, "मीच म्हणलं हिला, चल घरी, काढ गाडी. तुला कशाला सांगायचं? तुला झोप लागत न्हाई मंग."

चालवायला कोणी शिकवले विचारले. मामांनी. लग्नाच्या आधी, कापूस निघालेल्या रानात, त्यांच्या जुन्या गाडीवर. गावात सगळ्यांना माहीत आहे. जावयाला तेवढे नाही.

लायसन आहे का विचारले. दोघी चहा पिऊ लागल्या.

माय परत फोटो बघत होती. म्हणाली, "माझं तोंड पूर्ण न्हाई आलं."

सोमवार, १० नोव्हें.
शेठकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून जालन्याला गेलो. एसटीने. वाहतूक शाखेत म्हणाले, कोर्टात गेलेले चलान इथे भरता येत नाही. कोर्टात गेलो. कोर्टाच्या आवारात जन्मात पहिल्यांदा. चप्पल काढायची का कळेना, नाही काढली.

बोर्डावर लोकअदालतीच्या याद्या लावलेल्या. मी चलानाचा नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होता, त्याचा काही उपयोग नाही. यादी मालकाच्या नावाने. मग बोट ठेवून एकेक नाव वाचत गेलो. शेजारच्याने विचारले, "वकील हाव का?" शेवटी एका खांबाकडच्या पानावर मामांचे पूर्ण नाव सापडले, वडिलांच्या नावासकट. मामांच्या नावावर कधी बांधाचाही दावा नाही. चाळीस वर्षांत तहसीलपलीकडे गेलेले नाहीत. आणि ते नाव इथे, येणारेजाणारे खांबाला टेकतात त्या जागी. मी तिथून लवकर हललो नाही.

खिडकीतले क्लार्क साहेब बरे होते. सगळे नीट सांगितले. "लोकअदालतीत मालकानं यायचं, नाही तर सहीचं पत्र द्यायचं. मान्य आहे म्हणायचं, अर्धे भरायचे, संपलं. कोणी काही विचारत नाही."

"आणि मान्य नाही म्हटलं तर?"

"तर तडजोड होत नाही. केस परत कोर्टात. मग कोण चालवत होतं, लायसन होतं का, सगळं निघतं." मी दाखवलेला फोटो त्यांनी मोठा करून बघितला. "ह्या कोण?"

"घरच्या."

"लायसन आहे ना?"

मी म्हणालो, बघतो.

बिनालायसन गाडी चालवली तर पाच हजार. मालकाने चालवायला दिली म्हणून मालकालाही वेगळे. परतीच्या गाडीत हिशोब केला, मग करायचे थांबवले. पत्रावर मामांची सही आणायची, अडीचशे भरायचे, संपले. एवढेच काम.

रविवार, १६ नोव्हें.
एकटाच मामांकडे. जालन्याला गाडी बदलून जाफराबाद, पुढे जीप. सहीचे पत्र घरूनच लिहून नेले होते, स्वच्छ अक्षरात, दोन प्रती.

कापसाची वेचणी चालू, तरी मामा रानातून आले. जावई आला म्हणून मामींनी पुरण घातले. जेवण होईपर्यंत विषय काढता येत नाही. जेवल्यावर पानसुपारी. मग पत्र पुढे केले.

मामांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. "अक्षर चांगलं हाय."

"सही केली की मिटलं, मामा. तुम्हाला यायचंही काम नाही. आणि आधीच्या दोनाचे दीड हजार आणलेत."

"ते ठेवा. जावयाचा फोटो दंडाच्या कागदावर बरा दिसत न्हाई, म्हणून भरले."

"मग तिसरा का नाही भरला?"

"तो तुमचा न्हाई, लेकीचा हाय." पत्र घडी करून माझ्याकडे परत दिले. "तुमची चूक होती, भरले. तिची काय चूक झाली? सासूचा पाय दुखतो, एसटी आली न्हाई, तिनं दवाखान्यात नेलं. हे चूक हाय असं मी सही करून देऊ?"

"चूक हेल्मेटची आहे, मामा."

"हेल्मेटचं बराबर हाय. पण ते कागदावर एका ओळीत. बाकीचं कुठं हाय? मी जातो आन् साहेबाला सांगतो. मंग साहेब म्हणल ते देतो."

लायसनचे सांगितले. पाच हजारांचे सांगितले, त्यांच्यावर वेगळे लागतील तेही. साहेबांनी विचारले तर काय म्हणाल? म्हणाले, "विचारलं तर सांगंन, न्हाई म्हणून. खोटं कशाला?"

चार वर्षांत मामांनी मला पहिल्यांदा नाही म्हटले. तेही इतक्या हळू की मामी आतून विचारत होत्या, "झाली का सही?"

निघताना त्यांनी मोबाइल दाखवला. तो फोटो. शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवून झालेला. "आरशात न्हाई बघत, बघा. रस्त्यावर नजर. मी तसंच शिकवलं."

मंगळवार, १८ नोव्हें.
अश्विनीला सांगितले, तू फोन कर, तुझे ऐकतील. केला. दहा मिनिटे कापूस आणि म्हशीचे बोलणे. शेवटी वडिलांना म्हणाली, "दादा, तुम्हाला जायचं असंल तर जा. मी बी येते."

मला म्हणाली, "तुमची इच्छा नसंल तर तसं सांगा. मी त्यांना नको म्हणते." तिला विचारले, तुला स्वतःला काय वाटते? म्हणाली, "मी चालवली हे लपवायचं कामून? तुम्ही रागावले का?"

रागावलो नाही. खरेच नाही. भीती वाटते, ती वेगळी. ते तिला नीट सांगता आले नाही म्हणून इथे लिहितो.

रविवार, २३ नोव्हें.
लर्निंग लायसनची परीक्षा घरूनच देता येते. अर्ज मी भरला. नावाचे स्पेलिंग आधारशी तीनदा ताडून बघितले. चिन्हांचा तक्ता काढून भिंतीला लावला. आठवडाभर ती भाकरी करताना तिला चिन्हे विचारत होतो. आज परीक्षेला शेजारी बसलो तर म्हणाली, "तुम्ही तिकडं बसा. तुमचा श्वास ऐकू येऊन राह्यला."

पास. माय म्हणाली, आता मलाही लाव शिकायला.

त्या शुक्रवारसाठी याचा उपयोग नाही, तारीख नंतरची आहे. माहीत आहे. तरी प्रिंट काढून प्लास्टिकमधे घातली.

बुधवार, ३ डिसेंबर
दोन हेल्मेट घेतली. आयएसआयचे. तिला लाल आवडले, मला काळे. मायला ते घातल्यावर ऐकू येत नाही, म्हणून ती दोघांच्याही मागे बसायला तयार नाही. एसटीने जाईन म्हणते.

जेवताना विषय निघाला की हे सगळे मिटले की गाडी नावावर करून घ्यायची. मी म्हणालो, अश्विनीच्या नावावर करू.

माय म्हणाली, "कर की. मंग तुझे फोटो तिच्या मोबाइलवर येतील."

दोघी बराच वेळ हसल्या. मीही.

शनिवार, १३ डिसें. जालना. घरी आल्यावर
मामा सकाळच्या पहिल्या गाडीने आले होते. पांढरे धोतर, इस्त्रीची टोपी, खिशात तो फोटो. जाफराबादहून रंगीत प्रिंट काढून आणला होता. मी आणि अश्विनी हेल्मेट घालून गेलो. मामांनी तिचे हेल्मेट हातात घेऊन वजन बघितले.

गर्दी पुष्कळ. बहुतेकांचे मिनिटभरात संपत होते. नाव, रक्कम, मान्य, पावती. आमचा नंबर येईपर्यंत मी मामांना दोनदा म्हणालो, फक्त मान्य म्हणा. दोन्ही वेळा म्हणाले, "बघू ना."

टेबलामागे न्यायाधीश मॅडम होत्या. शेजारी एक वकील. मॅडम म्हणाल्या, "अडीचशे भरा काका, मान्य आहे?"

"मला बोलायचं हाय."

मागच्या रांगेतून कोणीतरी "झालं आता" म्हटले. मॅडम म्हणाल्या, बोला. मामांनी टोपी नीट केली आणि सांगितले. एसटी आली नाही इथपासून. फोटो टेबलावर ठेवला. फार लांबवले नाही. शेवटी म्हणाले, "हेल्मेट नव्हतं, हे कबूल. त्याच्याखाली एवढं लिहा की सासूला दवाखान्यात नेत होती. मंग देतो."

मॅडमनी फोटो बघितला, मग अश्विनीकडे. वकील हसले, वाईट हसणे नव्हते. मॅडम म्हणाल्या, "काका, इथं तसं लिहिता येत नाही. इथं हो किंवा नाही. सांगायचंच असेल तर केस कोर्टात जाईल, तिथं साहेब ऐकतील. पण तिथं बाकीचंही विचारतील." 'बाकीचंही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितले. माझा हात लर्निंग लायसनच्या प्लास्टिकवर होता.

मामा माझ्याकडे वळले. मला वाटले आता ऐकतील. खिशातले अडीचशे मी मोजून वेगळे ठेवलेले होते.

"तुम्ही सांगा, पाव्हणं. तुम्ही म्हणाल तसं."

अश्विनी लाल हेल्मेट पोटाशी धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितले नाही. फोटोतल्यासारखी सरळ पुढे बघत होती.

म्हणालो, "मामांचं बराबर आहे. तारीख द्या."

  तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. काय होईल माहीत नाही. बाहेर मामांनी तिघांना उसाचा रस पाजला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

खर्च: जालना, जाफराबाद फेऱ्या ६४०. झेरॉक्स, प्रिंट ४५. लर्निंगची फी ३५०. हेल्मेट दोन, १९००. पेट्रोल १५०. एकूण ३०८५.
देणे: मामांचे १५००, घेत नाहीत. शेठकडून उचल १०००.
दंड: अजून ठरलेला नाही.