नोटिशीत लिहिलेलं कारण

कोरेगाव

बाळ स्वप्नाली,

हे पत्र टाकणार न्हाई. खंडाळ्याला तुझी सासूच आधी फोडंल.

तू सासरहून आलीस तवा मी गल्लीत माहेरपणाला आलीय म्हणून सांगितलं. तुला ऱ्हायला पुढच्या दोन खोल्या पायजे व्हत्या. पण तिथं शमशेरभाई, वीस वर्षांपासूनचा भाडेकरू, त्याला खरं कारण सांगायची लाज वाटली. म्हणून साताऱ्याला वकील गाठला. त्यो म्हणाला, "मावशी, भाडेकरूला असं काढता येत न्हाई. कारण लिवावं लागंल." मग मी त्याला खरं सांगितलं, आणि त्यानं तेच नोटिशीत लिवलं: मुलगी स्वप्नाली, नवऱ्यानं मारहाण करून घालवलेली.

घरी आलेली प्रत तू वाचलीस. "आता समद्यांना कळंल," एवढंच बोललीस आणि सकाळच्या एस्टीनं परत गेलीस. गल्लीतली माणसं बघत व्हती, म्हणून मी तुझा हातसुदिक धरला न्हाई.

आज शमशेरभाईनं बिऱ्हाड हलवलं. किल्ली देताना म्हणाला, "आवं काकू, पोरीसाठी पायजेत एवढं सांगायचं व्हतं. वकील कशाला?"

खोल्या झाडून ठेवल्यात. तुझा फोन चार दिस बंद हाय.

तुला न अडवलेली,
आई