कारकुनाची भूमिका

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण रंगमंचावर गेलो की निमूट वागतो. आईचंही तसंच होतं, पाहुणे आले की दुखणं पळायचं.

एक बातमी आहे. एका गंभीर चित्रपटात मला बापाचं काम मिळालंय. तीनच प्रसंग. पंचवीस वर्षं विनोदी नाटकं केल्यावर लोकांना वाटतं, हा काय रडवणार? खरं सांगू, रडवणं सोपं. प्रेक्षक आपापलं दुःख घरूनच घेऊन येतात. हसू मात्र तिथल्या तिथे तयार करावं लागतं, आणि ते कशापासून केलं हे कुणी विचारत नाही.

तूही विचारलं नाहीस. तोतऱ्या कारकुनाचं माझं नाटक तू कधी पाहिलंच नाहीस. मीही आग्रह केला नाही. सगळ्यांना सांगत आलो, दादाला छापखान्यातून सुट्टी मिळत नाही.

परवा प्रयोगानंतर एक बाई मेकअपच्या खोलीत आली. तिशीची असेल. पहिलाच शब्द तिच्या ओठांवर अडला. मी सवयीने तो पुरा करायला गेलो आणि कसाबसा थांबलो. नोकरीच्या मुलाखतीत ती अशीच अडखळली होती. तेव्हा समोरचे साहेब हसून म्हणाले, तुम्ही तर नाटकातल्या त्या कारकुनासारख्या बोलता. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. तिने एवढंच विचारलं, "हे तुम्ही कुणाकडून शिकलात?"

मी म्हणालो, "निरीक्षणातून."

वर्तमानपत्रवाल्यांनाही मी हेच सांगत आलोय.

दादा, मी सात वर्षांचा होतो, तू बारा. मामा आले होते. त्यांना पाणी देताना तू 'मामा' म्हणायला गेलास आणि 'मा'वरच अडलास. तू आत गेल्यावर मी तुझी नक्कल केली. सगळे पोट धरून हसले, बाबासुद्धा. माझ्या आयुष्यातली ती पहिली दाद. तू दाराआड उभा होतास. मी तुला पाहिलं, आणि नक्कल पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या नाटकातलं माझं भाषण तूच पाठ करून घेतलंस. माझ्याबरोबर म्हणताना तू कुठेच अडत नव्हतास.

काल निर्मात्याला सांगितलं, यापुढे कारकून करणार नाही. तो म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे ना, लोक त्या अडखळण्यासाठीच तर येतात. मी म्हटलं, म्हणूनच. पुढचे सगळे प्रयोग रद्द झालेत. त्या बाईला अजून काही कळवलेलं नाही. खरं उत्तर आधी तुला द्यायला हवं होतं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू लगेच "असू दे" म्हणाला असतास, आणि मी सुटलो असतो.

न विचारता तुझं बोलणं घेऊन गेलेला,
तुझा धाकटा